अनुपस्थित निवेदक आणि अपेक्षित शेवट : ‘इन कोल्ड ब्लड’चे पुनर्वाचन

१

१५ नोव्हेंबर १९५९ रोजी पहाटेपूर्वी अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, होलकम या खेड्याजवळच्या एका शेतघरात हर्बर्ट क्लटर, पत्नी बॉनी, १६ वर्षांची मुलगी नॅन्सी आणि १५ वर्षांचा मुलगा केनियन या चौघांची बंदुकीने हत्या झाली. मारेकरी रिचर्ड हिकॉक आणि पेरी स्मिथ हे दोघेही त्याच वर्षी लान्सिंगच्या तुरुंगातून पॅरोलवर सुटले होते. क्लटरच्या घरात १०,००० डॉलर असलेली तिजोरी आहे, ही तुरुंगातील एका सोबत्याने हिकॉकला पुरवलेली माहिती खोटी निघाली; तशी तिजोरी त्या घरात नव्हतीच. हाती लागले ते चाळीस-पन्नास डॉलर, एक लहान रेडिओ आणि एक दुर्बीण. ३० डिसेंबरला दोघे लास व्हेगास येथे पकडले गेले. मार्च १९६० मध्ये गार्डन सिटी येथे खटला चालून त्यांना फाशीची शिक्षा झाली, आणि अपिलांच्या दीर्घ मालिकेनंतर १४ एप्रिल १९६५ रोजी ती लान्सिंग येथेच अमलात आली.

ट्रूमन कपोटीचे ‘इन कोल्ड ब्लड’ हे पुस्तक या घटनाक्रमावर उभे आहे. सप्टेंबर १९६५ पासून ‘द न्यूयॉर्कर’मधून चार भागांत आणि जानेवारी १९६६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाला विलक्षण लोकप्रियता लाभली, आणि आज ‘ट्रू क्राइम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेखनाचा ते मानदंड ठरले. पुस्तकाचे उपशीर्षक त्याला सत्य वृत्तांत म्हणते. ऋणनिर्देशात लेखक असे सांगतो की, त्याच्या प्रत्यक्ष निरीक्षणाबाहेरचा सर्व मजकूर शासकीय कागदपत्रांतून किंवा संबंधित व्यक्तींच्या मुलाखतींतून आलेला आहे. पुस्तक प्रसिद्ध झाले त्याच महिन्यात जॉर्ज प्लिंप्टनने घेतलेल्या मुलाखतीत कपोटीने याहून मोठा दावा केला : आपण ‘नॉनफिक्शन नॉव्हेल’ हा नवा वाङ्मयप्रकार सिद्ध केला आहे. या दाव्यातील नवतेचा भाग ऐतिहासिकदृष्ट्या टिकत नाही. अर्जेंटिनातील रोदोल्फो वॉल्शचे बेकायदा गोळीबाराच्या प्रकरणावरील ‘ऑपेरासिओन मासाक्रे’ १९५७ मध्येच आले होते. पण दाव्याचा उरलेला भाग विचारात घ्यावाच लागतो.

ही संज्ञा मराठीत आणू पाहताच तिच्यातील अंतर्विरोध उघड होतो. ‘अकल्पित कादंबरी’ म्हणावे, तर मराठीत ‘अकल्पित’ म्हणजे ध्यानीमनी नसताना ओढवलेले; आणि ‘कादंबरी’ हे तर बाणभट्टाच्या कल्पित नायिकेचे नाव, जे पुढे वाङ्मयप्रकाराचे झाले. ‘तथ्याधिष्ठित कादंबरी’ ही रचना सुरक्षित वाटते, पण ती प्रश्न सोडवत नाही, केवळ झाकते. तथ्य हे अधिष्ठान असेल, तर त्यावर जे उभे राहते ते कोणत्या द्रव्याचे असते? कपोटीचा आग्रह असा की, अधिष्ठानही तथ्याचे आणि इमारतही तथ्याचीच. कादंबरीचा आहे तो फक्त घाट.

या पुस्तकावरील समीक्षा बहुधा दोन वाटांनी गेलेली आहे. पुस्तकातील तपशील कितपत खरे, याची पडताळणी करणारी एक. आणि तपशिलांच्या खरेखोटेपणाकडे दुर्लक्ष करून त्याच्या कलात्मक संघटनेचे विश्लेषण करणारी दुसरी. तथ्य आणि घाट ही दोन स्वतंत्र मापांनी मोजता येणारी परिमाणे आहेत, हे गृहीतक दोन्ही वाटांना समान आहे. ‘इन कोल्ड ब्लड’ महत्त्वाचे ठरते ते हे गृहीतक त्यात मोडून पडते म्हणून. घाटाने तथ्याकडे काय मागितले, आणि तथ्य ते देऊ शकले नाही तेव्हा संहितेने काय केले, हा या पुस्तकापुढचा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर निवेदकाच्या अनुपस्थितीत आणि शेवटाच्या रचनेत शोधावे लागते.

२

अशा लेखनात लेखकाने स्वतः दिसता कामा नये, असे कपोटीचे स्पष्ट प्रतिपादन होते. त्यानुसार ‘इन कोल्ड ब्लड’मध्ये ‘मी’ नाही. तृतीयपुरुषी, सर्वज्ञ वाटणारा निवेदक क्लटर कुटुंबाचा शेवटचा दिवस आणि दोन मारेकऱ्यांचा मोटारीतून चाललेला ४०० मैलांहून अधिक अंतराचा प्रवास आळीपाळीने सांगत जातो. वाचकाला मारेकरी कोण हे आरंभापासून ठाऊक आहे. प्रत्यक्ष हत्या मात्र तिसऱ्या भागापर्यंत रोखून धरलेली आहे आणि ती स्मिथच्या कबुलीजबाबातूनच प्रथम दृश्यमान होते. ‘कोणी’ या प्रश्नाची जागा ‘कसे’ आणि ‘का’ यांनी घेणे, हा रहस्यकथेच्या संकेतव्यूहात केलेला मूलगामी बदल आहे आणि त्याचे श्रेय कपोटीला दिलेच पाहिजे.

पहिल्या भागातील लहानसहान तपशिलांचे कार्य या रचनेमुळे बदलते. हर्बर्ट क्लटर सकाळी चहा-कॉफी घेत नाही, एक सफरचंद आणि पेलाभर दूध त्याला पुरते, यासारखा तपशील रोलाँ बार्थच्या परिभाषेत ‘वास्तवाभास’ निर्माण करणारा म्हणता येईल : कथानकात ज्याला काही काम नाही आणि म्हणूनच जो ‘हे खरे आहे’ एवढेच सुचवतो, असा. पण ज्या माणसाचा मृत्यू वाचकाला आधीच कळलेला आहे, त्याच्या बाबतीत निरुपयोगी तपशील उरतच नाही. प्रत्येक कृतीला ‘शेवटची’ हे विशेषण न लिहिता चिकटते. कथा सांगणारा आपला अधिकार मृत्यूकडून उसना घेतो, हे वाल्टर बेन्यामिनचे निरीक्षण येथे अक्षरशः लागू पडते. या पानांची सगळी शांतता वाचकाच्या पूर्वज्ञानावर पोसलेली आहे.

परंतु हे सर्व निवेदकाला कळले कसे? मृतांची मुलाखत घेता येत नाही. नॅन्सीच्या शेवटच्या दिवसाविषयी जे आहे ते तिच्या मैत्रिणीकडून, शेजाऱ्यांकडून, नातलगांकडून आलेले आहे. हार्पर ली हिच्या सोबतीने कपोटीने कॅन्ससमध्ये जमवलेली सामग्री म्हणजे असंख्य साक्षींचा संचय होय. कोणतीही साक्ष कोणाची तरी असते. ती कोणाला, केव्हा, कोणत्या हेतूने दिली गेली यावर तिचे मोल ठरते. न्यायालयात साक्षीला नाव चिकटलेले असते म्हणूनच तिची उलटतपासणी होऊ शकते. कपोटीचे निवेदन नेमके हे नाव पुसते. कोणीतरी सांगितलेली गोष्ट आता कोणीही न सांगता, आपोआप घडताना दिसते. साक्षीचे दृश्यात रूपांतर होते आणि त्या रूपांतरात उलटतपासणीची शक्यताच संपुष्टात येते.

हा आक्षेप केवळ सैद्धांतिक नाही. फिलिप टॉम्पकिन्सने जून १९६६ च्या ‘एस्क्वायर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात होलकम आणि गार्डन सिटी येथे जाऊन पुन्हा विचारपूस केल्यानंतरची तफावत नोंदवली आहे. नॅन्सीच्या घोडीची विक्री कोणाला आणि केवढ्याला झाली, येथपासून ती सुरू होते. घोडीची किंमत किरकोळ बाब आहे. किरकोळ नाही ते असे : तुरुंगाच्या आवारात राहणाऱ्या एका अधिकाऱ्याच्या पत्नीपाशी स्मिथ रडला आणि तिने त्याचा हात हातात घेतला, असे पुस्तक दाखवते; त्या स्त्रीने टॉम्पकिन्सला असे काही घडल्याचे नाकारले. हत्येच्या क्षणी स्मिथ भानावर नव्हता असा ठसा पुस्तकातील कबुलीजबाबातून उमटतो. अन्य नोंदींतून तो तसा उमटत नाही. फाशीच्या तख्तावर त्याने क्षमा मागितल्याचे पुस्तक सांगते; हजर असलेल्या काहींनी ती ऐकली नव्हती. या तफावती विखुरलेल्या नाहीत. त्या सर्वांची दिशा एक आहे : स्मिथला शोकात्म नायकाची उंची मिळवून देण्याची. घाट तथ्याला कोणत्या बाजूने वळवत होता, याची खूण या समान दिशेत आहे.

निवेदकाची अनुपस्थितीही पूर्ण नाही. चौथ्या भागात तुरुंगातील कैद्यांशी पत्रव्यवहार करणारा, त्यांना भेटावयास येणारा एक अनाम पत्रकार अधूनमधून डोकावतो. तो कपोटीच आहे. पाच वर्षे या दोघांशी पत्रे आणि भेटी चालू ठेवणारा, त्यांच्या विश्वासाचे स्थान बनलेला हा माणूस संहितेत एका सामान्यनामापुरता उरतो. ज्या नात्याने पुस्तकाला त्याचे सर्वांत मौलिक द्रव्य पुरवले, ते नातेच पुस्तकातून वगळलेले आहे. लेखक आणि गुन्हेगार यांच्या या नात्यातील फसवणुकीची शक्यता जेनेट माल्कमने ‘द जर्नलिस्ट अँड द मर्डरर’ (१९९०) मध्ये, दुसऱ्या एका खून-खटल्याच्या निमित्ताने, उघडपणे चर्चेला आणली. कपोटीच्या पुस्तकात हा प्रश्न उद्भवतच नाही, कारण ज्याला तो विचारावयाचा तो पात्रयादीत नाही.

३

असे असूनही ‘इन कोल्ड ब्लड’ ही एकसंध, सर्वग्राही निवेदनाची कृती आहे असे म्हणणे अपुरे ठरेल. दुसऱ्या आणि चौथ्या भागांत कपोटी काही दस्तऐवज जवळजवळ जसेच्या तसे समाविष्ट करतो, आणि येथे संहितेचा पोत बदलतो. स्मिथच्या वडिलांनी पॅरोलच्या कामी लिहिलेला, अशुद्धलेखनासह छापलेला मुलाचा जीवनवृत्तांत. बहिणीने तुरुंगात पाठवलेले उपदेशपर पत्र. त्या पत्रावर तुरुंगातील एका सुशिक्षित मित्राने केलेले टीकात्मक भाष्य. आणि मनोविकारतज्ज्ञासाठी स्मिथने स्वतः लिहिलेले आत्मकथन. एकाच आयुष्याची ही चार कथने आहेत. वडिलांच्या कथनातील काटक, प्रेमळ पिता मुलाच्या कथनात निर्दय होतो. बहिणीला जे नैतिक दौर्बल्य वाटते ते मित्राच्या भाष्यात बहिणीच्याच भीतीचे लक्षण ठरते.

बाख्तिनच्या भाषेत सांगावयाचे तर, येथे निवेदकाचा आवाज या आवाजांवर सत्ता गाजवू शकत नाही. प्रत्येक दस्तऐवजाला त्याच्या लेखकाचे नाव आहे, प्रसंग आहे, हेतू आहे. वाचकाला त्यांची आपापसांत उलटतपासणी घेता येते. अन्यत्र निवेदनाने हिरावून घेतलेला अधिकार या पानांवर वाचकाला परत मिळतो. पुस्तकाचे सर्वोत्कृष्ट भाग हेच आहेत, आणि ते ‘कादंबरी’च्या दाव्याशी सर्वांत कमी बांधलेले आहेत.

खटल्याच्या निवेदनातही असाच एक लक्षणीय प्रसंग आहे. कॅन्ससच्या न्यायालयाने मॅकनॉटन निकष लागू केला : कृत्याच्या वेळी आरोपीला आपल्या कृत्याचे स्वरूप आणि ते चूक असल्याचे कळत होते काय, एवढाच प्रश्न. १८४३ मध्ये इंग्लंडमध्ये सिद्ध झालेले हे तत्त्व भारतीय वाचकाला अपरिचित नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ८४ त्यावरच उभे होते आणि आजच्या भारतीय न्याय संहितेतील कलम २२ त्याचाच वारसा चालवते. या निकषामुळे मनोविकारतज्ज्ञाला साक्षीच्या पिंजऱ्यात हो किंवा नाही यापलीकडे बोलता आले नाही. कपोटी येथे निवेदन थांबवतो आणि तज्ज्ञाला बोलू दिले असते तर त्याने काय सांगितले असते, ते विस्ताराने मांडतो. पुढे जोसेफ सॅटेन व त्याच्या सहकाऱ्यांनी उघड हेतूविना घडणाऱ्या हत्यांविषयी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या वैद्यकीय अभ्यासाचा आधार तो घेतो.

न्यायालयात बंद केलेले तोंड ग्रंथात उघडले जाते. गुन्हेविषयक सत्यलेखनाचे नैतिक समर्थन करावयाचे झाल्यास ते येथे सापडते. कायद्याची भाषा जे ऐकू शकत नाही ते ऐकण्याची जागा साहित्य निर्माण करू शकते. शीर्षकातील अर्थाचा ताणही येथेच प्रकट होतो. मराठीत असा खून ‘थंड डोक्याने’ केला जातो. इंग्रजीत थंड असते ते रक्त. पण दोन्ही भाषांत गृहीत धरलेले असते ते पूर्ण भान. स्मिथला ते होते काय, हाच तर वादाचा मुद्दा. शीर्षक आरोप करते आणि खटल्याचे निवेदन त्या आरोपाविषयी शंका निर्माण करते. शिवाय त्याच शीर्षकाची छाया, सर्व विधी पार पाडून, दिवस आणि वेळ ठरवून शासनाने केलेल्या दोन वधांवरही पडते, हे अनेक समीक्षकांनी दाखवले आहे. ती आणखी कोणावर पडते, हा प्रश्न पुस्तकाच्या शेवटाकडे नेतो.

४

पुस्तकाच्या अगदी सुरुवातीच्या पानांत होलकमचे वर्णन करताना निवेदक त्या रात्रीच्या चार गोळ्यांचा उल्लेख करतो आणि त्यांनी संपवलेल्या आयुष्यांची एकूण संख्या सांगतो. ती संख्या सहा आहे. चार मृत आणि दोन फाशी गेलेले. सहजपणे वाचून पुढे जावे असे हे विधान या संहितेच्या काळरचनेची गुरुकिल्ली आहे. निवेदक ज्या स्थानावरून बोलतो ते स्थान १४ एप्रिल १९६५ नंतरचे आहे. त्या दिवसापूर्वी ‘सहा’ हा आकडा असत्य ठरला असता. पुस्तकाचा आरंभ सत्य होण्यासाठी त्याचा शेवट घडणे आवश्यक होते.

ऐतिहासिक कादंबरीकाराला ही अडचण येत नाही, कारण त्याच्या पात्रांचा शेवट त्याच्या लेखनापूर्वीच झालेला असतो. कल्पित कादंबरीच्या लेखकालाही येत नाही, कारण शेवट त्याच्या हातात असतो. कपोटीचा शेवट इतरांच्या हातात होता : अपील न्यायालयांच्या, राज्याच्या, दोन जिवंत माणसांच्या वकिलांच्या. फाशीच्या तारखा ठरत आणि पुढे ढकलल्या जात. पुस्तकाचा बहुतांश भाग लिहून झालेला होता. या वर्षांतील कपोटीची पत्रे २००४ मध्ये प्रसिद्ध झाली आहेत. खटल्याच्या लांबणीविषयीची अधीरता आणि यातना दोन्ही त्यांत स्पष्ट दिसतात. त्या दोघांना वाचवण्यासाठी कपोटीने पुरेसे केले नाही, हा केनेथ टायननने १९६६ मध्येच केलेला आरोप लेखकाच्या वर्तनाविषयीचा होता आणि त्यावर चारित्र्याच्या अंगाने बरीच चर्चा झाली. पण मुद्दा व्यक्तीच्या चारित्र्यापुरता नाही. कपोटी अधिक सहृदय असता तरीही, त्याने स्वीकारलेल्या घाटाला ते दोन मृत्यू हवेच होते. प्रतीक्षा लेखकाची होती. गरज प्रकाराची होती.

वास्तव घटना स्वतःहून कथेच्या रूपात अवतरत नाहीत, त्यांना आरंभ-मध्य-अंत देणे हे नेहमीच एका नैतिक व्यवस्थेचे आरोपण असते, असे हेडन व्हाइटने इतिहासलेखनाच्या संदर्भात प्रतिपादन केले आहे. ‘इन कोल्ड ब्लड’मध्ये हे आरोपण कोणत्या बिंदूला फसते ते संहितेतच दिसते. फाशीचे दृश्य तपास अधिकारी आल्विन ड्यूई याच्या दृष्टिकेंद्रातून सांगितलेले आहे. कपोटी त्या रात्री लान्सिंगला हजर होता. संहितेत मात्र पाहणारे डोळे ड्यूईचे आहेत. आणि ड्यूईला, निवेदकाच्या सांगण्यानुसार, ज्या पूर्ततेची अपेक्षा होती ती त्या दृश्याने दिली नाही. त्याला आठवतो तो सुमारे एक वर्षापूर्वीचा एक प्रसंग : गार्डन सिटीच्या दफनभूमीत नॅन्सीच्या मैत्रिणीशी झालेली भेट. ती आता महाविद्यालयात शिकणारी तरुणी झालेली आहे. थोडे बोलणे होते, ती निघून जाते, आणि गव्हाच्या शेतांवरून वाहणाऱ्या वाऱ्याच्या सान्निध्यात पुस्तक संपते.

ही भेट झालीच नव्हती. चरित्रकार जेराल्ड क्लार्कने १९८८ च्या चरित्रात हा प्रसंग कपोटीने रचल्याचे नोंदवले आहे, आणि त्याचे साम्य कपोटीच्याच ‘द ग्रास हार्प’ (१९५१) या कादंबरीच्या शेवटाशी दाखवले आहे. तथ्याच्या पुस्तकाचा शेवट लेखकाच्या स्वतःच्या कल्पित साहित्यातून आलेला आहे.

समीक्षेने या प्रसंगाकडे बहुधा एक डाग म्हणून पाहिले आहे : अन्यथा विश्वसनीय पुस्तकातील एक दुर्दैवी स्खलन. त्याचे रचनेतील स्थान लक्षात घेतले तर वेगळा निष्कर्ष निघतो. घटनाक्रमात हा प्रसंग फाशीपूर्वीचा आहे. कथनक्रमात तो फाशीनंतर येतो. म्हणजे कालक्रम उलटा करून त्याला अंतिम स्थान दिलेले आहे, आणि तसे का केले याचे कारणही संहिता स्वतःच देते. फाशीने ड्यूईला समाप्तीची जाणीव दिली नाही. ज्या शेवटाची पाच वर्षे वाट पाहिली तो घडला आणि तो शेवट ठरला नाही. दोन माणसे मेली. अर्थ पूर्ण झाला नाही. तेव्हा घाटाने तथ्याकडे मागणे सोडले आणि स्वतःच्या साठ्यातून पुरवठा केला.

या दृष्टीने पाहता दफनभूमीचा प्रसंग हा पुस्तकातील सर्वांत असत्य आणि तरीही सर्वांत प्रामाणिक भाग म्हणावा लागतो. मृत्यूदंड कोणत्याही कथेला न्याय्य समाप्ती देऊ शकत नाही, हे कपोटीला विधानरूपाने म्हणावयाचे नव्हते किंवा म्हणता आले नाही. त्याच्या रचनेने ते कबूल केले. पण या कबुलीजबाबावरही सही नाही. अनुपस्थित निवेदकाला, ‘येथे तथ्य संपले, पुढचे मी रचतो आहे’ हे एक वाक्य उच्चारता येत नाही, कारण ते उच्चारण्यासाठी ‘मी’ लागतो. कपोटीने ‘मी’ वगळला तेव्हा केवळ अहंकार वगळला नाही, कल्पनेची कबुली देण्याचे साधनही वगळले. नॉर्मन मेलरने ‘द एक्झिक्युशनर्स साँग’ (१९७९) मध्ये गॅरी गिलमोरच्या मृत्युदंडाची कथा सांगताना तिच्या हक्कांची खरेदी-विक्री करणाऱ्या मध्यस्थांनाच पात्रे केले. मेलर स्वतः तेथेही अदृश्य आहे; पण कथा कशी मिळवली गेली, हे कथेचाच भाग झाले आहे. कपोटीच्या पुस्तकाला ही वाट बंद होती.

५

तथ्य मात्र संपत नाही. पुस्तकाने दार लावून घेतल्यानंतरही त्याचे येणे-जाणे चालू राहिले आहे. २०१३ मध्ये कॅन्ससच्या तपास यंत्रणेच्या जुन्या कागदपत्रांविषयी वृत्तपत्रांत आलेल्या माहितीनुसार, तुरुंगातील खबऱ्याने हिकॉकचे नाव सांगितल्यावर यंत्रणा पुस्तकात दाखवल्याप्रमाणे तत्काळ हलली नव्हती. मध्ये काही दिवस गेले होते. ड्यूईच्या तत्परतेची प्रतिमा, आणि तिच्याबरोबर त्याला दिलेल्या दृष्टिकेंद्राची विश्वसनीयता, यामुळे पुन्हा तपासावी लागते. डिसेंबर २०१२ मध्ये स्मिथ आणि हिकॉक यांचे अवशेष उकरून काढण्यात आले. डिसेंबर १९५९ मध्येच फ्लॉरिडातील ओस्प्रे येथे झालेल्या एका चौघांच्या कुटुंबाच्या हत्येशी त्यांचा संबंध होता काय, याची डीएनए चाचणी करावयाची होती. निष्कर्ष निर्णायक निघाला नाही. पुस्तकात ही हत्या एक भीषण योगायोग म्हणून येते आणि बाजूला सारली जाते. खुद्द क्लटर हत्याकांडातही, दोघी स्त्रियांवर गोळी कोणी झाडली याविषयी स्मिथने आपले निवेदन नंतर बदलले होते. मध्यवर्ती कृत्याचा कर्ताच दोन पाठांमध्ये विभागलेला आहे.

ज्यांची नावे पुसली गेली ते निवेदक आणि साक्षीदार एवढेच नव्हते. बॉनी क्लटरचे पुस्तकातील चित्र प्रामुख्याने मनोरुग्णतेने खचलेल्या, स्वतःच्या घरात पाहुणी झालेल्या स्त्रीचे आहे. ते चित्र कुटुंबातील हयात मंडळींना मान्य झाले नाही. हे चित्र खरे की खोटे, याचा निवाडा आता होणे कठीण आहे. मात्र रचनेतील असमतोल मोजता येण्यासारखा आहे. स्मिथच्या वाट्याला चार दस्तऐवज, कबुलीजबाब, मनोविकारतज्ज्ञाचे मत आणि वैद्यकीय अभ्यास आले. बॉनीच्या वाट्याला तिच्याविषयी इतरांनी सांगितलेले आले, आणि तेही सांगणाऱ्यांची नावे पुसून. तिच्या बाजूने उलटतपासणी घेणारे कोणी संहितेत नाही. सहृदयता हा या पुस्तकाचा गौरवलेला गुण आहे. त्या सहृदयतेचे वाटप मात्र कोण किती काळ जिवंत राहून बोलू शकला यावर ठरले आहे.

‘इन कोल्ड ब्लड’नंतरच्या विपुल गुन्हेविषयक लेखनाने कपोटीकडून घेतले ते बहुधा त्याचे अदृश्य निवेदन आणि समाप्तीची हाव. दस्तऐवजांची जुळवणी, विसंगत आवाजांना शेजारी शेजारी उभे करण्याचे धैर्य, न्यायालयाने न ऐकलेल्याला जागा देण्याची वृत्ती या गोष्टी तुलनेने कमी उचलल्या गेल्या. या प्रकाराचे मूल्यमापन करताना ‘हे सर्व खरे आहे काय’ या प्रश्नाइतकाच, ‘हे कोणी सांगितले, आणि सांगणाऱ्याला येथे नाव आहे काय’ हा प्रश्न निकष म्हणून वापरावा लागेल. कपोटीचे पुस्तक या निकषावर काही पानांत उत्तीर्ण होते आणि बहुतेक पानांत होत नाही. आणि दोन्ही प्रकारची पाने एकाच मुखपृष्ठाआड असल्यामुळेच ते या प्रकाराच्या अभ्यासाचे अपरिहार्य उदाहरण ठरते.

पुनर्वाचनात वाचक अखेरीस पुन्हा पहिल्या पानांवरील त्या आकड्याकडे येतो. पहिल्या वाचनात ‘सहा’ ही माहिती असते. दुसऱ्या वाचनात दिसते ते असे की, हा आकडा खरा होण्याची वाट पाहत एक संपूर्ण हस्तलिखित थांबून राहिले होते, आणि तो खरा झाल्यावरही पुस्तकाला जे हवे होते ते त्याला मिळाले नाही.